आठ कार्डांची इर्जिक

आमच्या दादाचा आवाज कसा होता ते आधी सांगतो, म्हणजे घरातनं काय गेलं ते कळेल. दादानं आमच्या शेतात उभं राहून बैलाला "हो, हो" म्हटलं की सास्तूरच्या रस्त्यावरची एस.टी. थांबायची आणि कंडक्टर खिडकीतनं डोकं काढून विचारायचा, "किती जण?" एकदा त्यानं बांधावरच्या शेजाऱ्याला एक शिवी घातली. शेजारी नेमका खाली वाकला, शिवी डोक्यावरनं गेली, आणि वारं तिकडचं होतं म्हणून पार उमरग्याला पोचली. तिथं एका भल्या गृहस्थानं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि "चुकलं माझं" म्हणाला. मी काही वाढवून सांगत नाही. उलट, लोकांचा विश्वास बसावा म्हणून थोडं कमी करूनच सांगतो.

मागच्या साली ज्वारीच्या काढणीत दादाला लकवा मारला. दवाखाना झाला, मालिश झाली, वहिनीनं येरमाळ्याच्या आईला नवस बोलून ठेवला. पाय आला, हात बराचसा आला. जीभ तेवढी आली नाही. तोंडात तंबाखूचा बार धरून, वर घोंगडं पांघरून कुणी विहिरीतनं बोलावं, तसं दादाचं बोलणं यायला लागलं. आतला माणूस मात्र शाबूत. भेटायला येणारे पहिल्यांदा त्याच्याशी ओरडून बोलायचे, जसा काही तो बहिरा झालाय. पुढं पुढं त्याच्या खाटेवर बसून वहिनीलाच विचारायचे, "जेवतात का? झोप लागती का?" माणसाचं बोलणं गेलं की लोक आधी त्याला बहिरा धरतात, मग येडा, आणि शेवटी तो तिथं नाहीच असं. दादाला ते सगळं कळत होतं. तो हळूहळू बोलायचाच बंद झाला. ज्या घरात दादाच्या आवाजापुढं मांजरानंसुद्धा कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

दादाची लेक, म्हणजे माझी पुतणी, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. माणसाचं बोलणं ऐकून ते मशीननं लिहून काढायचं, असलं तिचं काम. माझं लोहाऱ्यात तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान. त्यामुळं कॉम्प्युटरमधलं जेवढं म्हणून असतं तेवढं मला येतं, अशी तालुक्याची समजूत आहे आणि मी ती कधी मोडली नाही. पुतणी घरूनच काम करायची परवानगी काढून गावी आली आणि कानात ते बोंडूक घालून बापाच्या खाटेशी बसून राहिली. एक दिवस म्हणाली, "काका, आण्णांचं बोलणं कसंही मोडत नाही. मोडायची एक रीत आहे. तीच ती अक्षरं गळतात, तीच ती घसरतात. मशीनला ही रीत शिकवली तर ते सांगेल आण्णा काय म्हणतायत ते."

"मग शिकव की. दुकानातला कॉम्प्युटर घेऊन येतो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला खुरप्यानं विहीर खणायला सांगितलंय.

तिच्या कंपनीत एक मोठं मशीन बदलायला काढलं होतं. पुढच्या सोमवारी कंपनीची गाडी येईल आणि घेऊन जाईल, ह्या बोलीवर तिनं ते मागून आणलं. असली मशीनं लांबून भाड्यानंही वापरता येतात म्हणे. पण आमच्या गावचं नेट म्हणजे पावसाळ्यातली पायवाट, आणि बापाचा तुटका आवाज परक्याच्या दारात नेऊन ठेवायला तिचं मन धजेना. मशीन पिकअपमधनं आलं. टीव्हीखालच्या कपाटाएवढं खोकं. मी म्हटलं, हे तर मी एका हातानं उचलतो. शेवटी चार गडी लागले आणि उतरवताना चौघांना चार निरनिराळ्या देवांची नावं आठवली.

"काका, ह्याला दाटीचा सर्व्हर म्हणायचं," पुतणी म्हणाली. "एवढ्याशा खोक्यात हिशेब करणारी आठ कार्डं बसवलीत. लागतील तशी कमी-जास्त करता येतात."

मला तिथंच कळलं. आमची लोहारा-उमरगा जीप! कागदावर तिच्यात बसतात तेवढी माणसं बसवून ती कधी सुटलेली मी पाहिली नाही. जाडा माणूस मधी, त्याच्या दोन्ही बाजूला काटकुळे, सासूबाई पुढं, शेळी पायाशी, आणि दार लावायच्या आधी ड्रायव्हर एकदा सगळ्यांना श्वास सोडायला लावतो. बाजाराच्या दिवशी मागची सीट काढून मिरच्यांची पोती, लग्नसराईत सीट परत टाकून वऱ्हाड. तीच जीप, पाहिजे तशी मांडणी. मी हे सांगितल्यावर पुतणी म्हणाली, "कंपनीत आम्ही हे समजवायला अर्धा दिवस घेतो."

कार्डं कशाला, एक हुशार डोकं बसवायचं ना, असं वहिनीनं विचारलं. त्यावर पुतणी म्हणाली, "आई, तुझं खुरपण एकटा पैलवान उरकंल का ओळीनं वाकलेल्या बायांची पात?"

"बायांची पात," वहिनी म्हणाली. "पैलवान पहिल्याच सरीत बसंल शेंगा खात."

"तर एकेका कार्डात हजारो बाया आहेत. एकेकीला थोडंसंच येतं, पण सगळ्या एका टायमाला वाकतात."

"आणि त्यास्नी च्या कोण देतं?"

चहा म्हणजे वीज. तिथंच सगळी गोम होती, पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मशीन ठेवलं गावातल्या बंद पडलेल्या दूध केंद्राच्या खोलीत. तिथं फरशी होती, जाड भिंती होत्या, तीन फेजची लाईन होती, आणि आंबट वास सोडला तर दुसरं कुणी राहत नव्हतं. मंडपवाल्यानं एसी दिला. बॅटऱ्यांचं खोकं मशीनबरोबरच आलं होतं. लाईट गेली तर तेवढ्यावर थोडा वेळ निघायचा. पुतणीनं बटण दाबलं आणि आतल्या पंख्यांनी जो सूर लावला, त्यानं पिंपळावरची कबुतरं उठली ती निलंग्यात जाऊन बसली. गिरणीवाला धावत आला, "दुसरी गिरणी कुणी काढली म्हणायचं?" मशीनच्या मागनं जी गरम झळ निघायची तिच्यावर वहिनीनं पापड भाजला अशी आवई उठली. ती साफ खोटी. भाजला नाही, नुसता वाळला.

शिकवणी अशी होती. पुतणीनं आधी पारावरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाईलमध्ये भरून घेतलं होतं, कारण दादाची भाषा तीच. म्हाताऱ्यांना ऐकणारं माणूस मिळालं, मग काय! निजामाच्या वेळच्या चोरांपासून मोटेच्या गाण्यापर्यंत, एकानं तर आपल्या मेलेल्या बैलाची पूर्ण वंशावळ सांगितली. त्याच्यावर दादाचे आवाज. दादा काही बोलला की वहिनी शेजारनं सांगायची, "हे पाणी. हे चादर नगं. हे, जाऊ द्या, हे लिहू नगं." ते सगळं जोडून मशीनला घोकायला लावायचं. दादाची खाट आम्ही दूध केंद्राच्या दारातच टाकली. लेक आपल्यासाठी काहीतरी मोठं करालीय हे त्याला कळत होतं. तो बऱ्याच दिवसांनी पुन्हा बोलायला लागला होता, आणि पुतणीचा चेहरा उजळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतीची लाईट आली आणि शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. दूध केंद्राची लाईन आणि आमच्या शिवाराच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. मोटारी सुरू झाल्या तशी दूध केंद्रातली ट्यूब मिचमिचायला लागली, एसी खोकला, बॅटऱ्यांचं खोकं तान्ह्या पोरागत ओरडायला लागलं आणि थोड्या वेळानं मशीन गप्प. पुतणीनं पुन्हा चालू केलं. पुन्हा गप्प. एकदा बंद पडलं की ते मागच्या मुक्कामाला परत जायचं, आणि तिथनं पुन्हा चालत यायचं. म्हणजे दिवसभर चालून संध्याकाळी निघाल्या जागी.

मी म्हटलं, "जीपमधले चार पॅसेंजर उतरव."

तिनं चार कार्डं बंद केली. मशीन टिकलं. पण तिनं हिशेब केला आणि खाली बसली. चार कार्डांवर काम सोमवारच्या पार पुढं जात होतं. आठ लावली तर डीपी उचलत नाही. चार लावली तर गाडी दारात येते. गाडी आली की मशीन जाणार, आणि दादा पुन्हा त्या टिकटिकीच्या घरात.

तेव्हापासनं दादानं एकच शब्द धरला. खाटेवरनं, मशीनकडं बोट करून, "इ... इक."

"विक?" वहिनी म्हणाली. "काय विकायचं?"

"इ... इक!"

"अहो, बैल विकायचे का? का जागा?"

दादानं खाटेच्या पाटीवर हात आपटला. पुन्हा बोट मशीनकडं.

"काका," पुतणी हळूच म्हणाली, "त्यांना हे नकोय. मशीन विकून टाक म्हणतायत."

"दादा, ते आपलं न्हाय," मी समजावायला गेलो. "मागून आणलेलं हाय. मागून आणलेलं विकलं तर मला दुकान बंद करून आत बसावं लागंल." दादानं माझ्याकडं जे बघितलं, त्याला शब्दांची गरज नव्हती. पण पोरीच्या मनात ते बसलं ते बसलंच. बापासाठी एवढं केलं आणि बाप म्हणतो विक. ती त्या दिवशी जेवली नाही. दादाही जेवला नाही. बाप-लेकीतला हट्ट कुठनं आला हे त्या दिवशी कुणाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो तर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन कोरडं हसत होती. "बघा काका, अर्धवट शिकलेलं मशीन. आण्णांचे कालचे आवाज लावून बघितले. पाणी बरोबर ओळखलं. चादर नको म्हटलं त्याचं 'चार नको' केलं. ते तरी ठीक आहे. आणि त्या विकचं काय केलंय बघा. असा शब्दच नाही कुठं. मशीन बहकलं."

"काय म्हणतंय?"

"इर्जिक."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला, बशीतनं पायावर सांडला, आणि मला पोळलंसुद्धा नाही.

"अगं बया!" दारात उभी असलेली वहिनी मट्कन उंबऱ्यावर बसली. "मला कसं उमगलं न्हाय? मी लगीन होऊन आले त्याच सालची गोष्ट. निम्म्या गावाच्या भाकरी थापल्या होत्या म्या, हातावरची हळद बी उतरली नव्हती."

पुतणी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. तिनं हा शब्द कधी ऐकला नव्हता, आणि ऐकणार तरी कुठनं? एखाद्याची जमीन नांगरायची राहिली, बैल कमी पडले, माणूस आजारी पडला, तर तो गावात इर्जिक घालायचा. मग गाव आपापली बैलं, औतं घेऊन त्याच्या शेतात यायचं, एका दिवसात रान उलथून टाकायचं, आणि मजुरी म्हणून फक्त पोटभर जेवून जायचं. आमच्या काळ्या रानात मोठा नांगर ओढायला आठ बैलं लागायची. आठ बैलं एका दावणीला असलेला माणूस तालुक्यात हाताच्या बोटावर. बाकीच्यांनी एकमेकांचीच जुंपायची. ट्रॅक्टर आले, इर्जिक गेली. कुणी ती मोडली नाही. काम राहिलं नाही तसा शब्दही खुंटीवरच राहिला. आणि मशीनला तो कुठनं सापडला? पारावरच्या त्या मेलेल्या बैलाच्या वंशावळीतनं.

मी दादाच्या खाटेपाशी गेलो. "दादा. इर्जिक म्हणालाव का तुमी?"

दादानं डोळे मिटले. डोक्यावरचा भारा कुणीतरी दोन्ही हातांनी उतरवून घ्यावा, तसा त्याचा चेहरा झाला. मग डोळे उघडून त्यानं मान हलवली, आणि माझ्याकडं बघून अजून काहीतरी म्हणाला. ते ओळखायला मशीन लागलं नाही. लहानपणापासनं तो मला तेच म्हणत आलाय.

पुतणीनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तिथंच राहिली. बाप मशीन विक म्हणत नव्हता. डीपी उचलत नाही तर गावाला बोलव, म्हणत होता.

मी मारुतीच्या देवळात गेलो आणि भोंग्यावरनं पुकारा केला. "ऐका हो! उद्या सकाळी दादाची इर्जिक हाय! सगळ्यांनी दूध केंद्रापाशी यावं! जेवण हाय!" एवढं जोशात सांगितलं आणि उतरलो. इर्जिक कशाची, तेवढं सांगायचं राहिलं.

सकाळी उठून बघतो तर दूध केंद्रापासनं वेशीपर्यंत ट्रॅक्टर. कुणी नांगर जोडून आलेला, कुणी रोटाव्हेटर, कुणी पेरणीयंत्र. पलीकडच्या वाडीवरनं एक जण बैलजोडी घेऊन आला होता. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. एका खडकाएवढ्या वयाच्या म्हाताऱ्यानं, ज्याच्या घरात बैल उरला नव्हता आणि ट्रॅक्टर आला नव्हता, नुसता आसूड आणला होता. कुणी शंका काढू नये म्हणून तो खांद्यावर आडवा टाकलेला.

"झेरॉक्स!" म्हाताऱ्यानं हाक मारली. "रान कुठंय?"

"आबा, रान न्हाय."

"मग नांगरायचं काय? ही फरशी?"

मी त्यांना आत नेलं. पुतणीनं मशीनचं झाकण काढून दाखवलं. ओळीनं उभी आठ कार्डं. म्हाताऱ्यानं आसुडाच्या दांडीनं, लांबूनच, मोजली. "आठ. म्हंजे आठ बैली हाय की. हाकतं कोण?"

"मी," पुतणी म्हणाली.

"आन नांगरायचं?"

"आण्णांचं बोलणं."

म्हाताऱ्यानं आसूड खांद्यावरनं खाली घेतला. मागनं कुणीतरी विचारलं, "पर हे तर परत जाणार म्हणं सोमवारी. मग?"

"नांगर परत जातो," मी म्हटलं, "नांगरट राहती. शिकलेलं सगळं पोरगी दादाच्या मोबाईलमधी टाकणार." हे वाक्य मला ऐनवेळी सुचलं आणि मला स्वतःलाच इतकं आवडलं, की मी ते दोनदा म्हटलं.

मग काय पाहिजे ते सांगितलं. काम पुरं होईस्तोवर, दोनेक दिवस, ह्या डीपीवरच्या मोटारी बंद ठेवायच्या. ऐकून सगळे जमिनीकडं बघायला लागले. नांगर मागितला असता तर हसत दिला असता. पाणी मागणं वेगळं. हरभरा फुलावर येत होता. त्या वेळी पाण्याची पाळी चुकली तर रान दाखवून देतं.

तेवढ्यात पुढं आला तो बांधावरचा शेजारी. त्याची मोटार सगळ्यांत मोठी आणि दादाशी त्याचा अबोला सगळ्यांत जुना.

"मी ह्यांच्यासंगं बोलत न्हाय," तो म्हणाला, "समद्या गावाला ठावं हाय. पर दादा माझ्यासंगं रोज बोलायचे. सकाळच्या पारी बांधावरनं एक शिवी, दिवस मावळताना एक. कधी खाडा न्हाय. वरीस झालं, एक बी न्हाय. भाकर गोड लागंना गड्या." त्यानं टोपी सारखी केली. "माझी मोटार बंद."

"ह्यांची बंद, मग आमी कुठल्या तोंडानं चालू ठिवावी?" कुणीतरी म्हणालं.

"माझी बी."

"माझी बी. माझी तशी बी जळालेलीच हाय, पर माझी बी."

आलेले ट्रॅक्टरही वाया गेले नाहीत. मंडपवाल्याकडं ट्रॅक्टरवर चालणारं जनरेटर होतं, तो ते लग्नात दिव्यांसाठी वापरायचा. एसी त्याच्यावर टाकला. पाळीपाळीनं एकेक ट्रॅक्टर जोडायचा. कधी नव्हे ती ट्रॅक्टरांची पाळी लागली. बैलजोडीला काम नव्हतं, तर ती दारात मानानं उभी केली. म्हातारा आसूड घेऊन डीपीपाशी बसला. त्याला विचारलं, "आबा, इथं कशाला?" तर म्हणाला, "कुणाचा हात चुकून स्टार्टरकडं गेला तर त्याला वाट दाखवाया."

पुतणीनं आठही कार्डं लावली. पंखे सुरात आले. ट्यूब मिचमिचली नाही. मशीन आडरानातल्या नांगरागत चालत राहिलं, आणि त्याच्या सुरावर गाव शांत झालं. मोटारी बंद असल्या की शिवार कसं वाटतं हे आम्ही सगळे विसरलो होतो. मला तर हरभऱ्याची फुलं उमलताना ऐकू येत होती. बायांनी चूल मांडली. भाकरी, येसराची आमटी, कांदा. दादा खाटेवर बसून प्रत्येकाच्या ताटाकडं बघायचा आणि वहिनीला बोटानं दाखवायचा, ह्याला वाढ, त्याला वाढ. इर्जिक घालणारा मालक तो होता. लोकही आता त्याच्याशी बोलत होते, ओरडून नव्हे, साध्या आवाजात.

काम पुरं झालं तेव्हा दुसऱ्या दिवसाची उन्हं कलली होती. पुतणी बाहेर आली आणि म्हणाली, "झालं. आता मोटारी चालू केल्या तरी चालतील."

कुणी उठलं नाही.

"अहो, झालं," ती पुन्हा म्हणाली.

"तुज्याकडनं झालं असंल, बाई," आसूडवाला म्हातारा म्हणाला. "इर्जिकीत औत गड्यानं सोडायचं नसतंय. मालकानं म्हणायचं, औतं सोडा. मग सोडायचं."

सगळ्यांच्या माना दादाकडं वळल्या. पुतणीचा रंग उतरला. ती माझ्या कानाशी आली. "काका, आत्ताच नको. मला एकदा तपासू तर द्या. सगळ्यांसमोर चुकलं तर आण्णा पुन्हा तोंड उघडणार नाहीत." खरं होतं ते. वर्षभरानं माणूस बोलायला तयार झाला होता, तोही चारचौघांत. आता हसं झालं असतं तर तो कायमचा आत गेला असता. पण दादा खाटेवर सरळ होऊन बसला होता. त्यानं लेकीकडं हात केला: आण.

तिनं मोबाईल त्याच्या तोंडाजवळ धरला. वहिनीनं, आधार म्हणून, त्याचा हात धरला. दादानं छातीत वारं भरलं आणि बोलला. आम्हाला ऐकू आलं ते काहीतरी ओलं, गोल, बिनकाठाचं. मोबाईलवर चकरी फिरली. मग अक्षरं उमटली. पुतणीनं वाचलं:

"हात सोडा."

वहिनीनं चटका बसल्यागत हात सोडला. "सगळ्यांम्होरं व्हय!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. कुणी हसलं नाही. हसू दाबून दाबून काहींचे कान लाल झाले होते. पुतणीच्या डोळ्यांत पाणी भरलं. मी दादाकडं बघायला घाबरत होतो.

आणि दादा हसला. निम्मं तोंड हसलं, पण गडगडाट पुरा. खाट हलली. त्यानं वहिनीचा हात शोधून परत धरला, घट्ट, आणि मोबाईलकडं वाकून पुन्हा बोलला, असं दामटून, जसं बैलाला शेवटच्या तासाला दामटावं. चकरी फिरली.

"औतं सोडा," पुतणीनं वाचलं. मग मोठ्यानं, रडत, "औतं सोडा म्हणतायत!"

म्हाताऱ्यानं आसूड हवेत काढला. माणसं आपापल्या रानाकडं पळाली, आणि शिवारात एकेक मोटार सुरू होत गेली, जवळची, लांबची. म्हणाल तर खोटं वाटेल, पण मला त्यातली प्रत्येक ओळखू आली.

एक आवाज तेवढा येत नव्हता. सगळ्यांत मोठा. वळून बघितलं तर बांधावरचा शेजारी खाटेपाशीच उभा, टोपी हातात.

"आन मला?" तो म्हणाला.

दादानं त्याच्याकडं पायांपासनं डोक्यापर्यंत बघितलं. खुणेनं मोबाईल जवळ मागितला. आणि बोलला. चांगलं लांबलचक बोलला. मधी एकदा श्वास घेऊन पुढं बोलला. वर्षभराचं साचलेलं होतं. पुतणीनं पडद्यावर नजर टाकली, कानापर्यंत लाल झाली आणि मोबाईल ओढणीखाली दडपला.

"झाकू नगं, बाई," शेजारी म्हणाला. "मला समदं कळलं."

आणि टोपी डोक्यावर घालून, शीळ घालत, तो आपली मोटार चालू करायला निघाला.